परीक्षेतलं कुंकू

हर्षलने आमच्या ओळखीची सुरुवात माझी वायर उपटून केली.

चिखलीच्या अभ्यासिकेत मुलींची बाजू आणि मुलांची बाजू यांच्या मधोमध एक हिरवा पडदा होता, आणि पडद्याखाली जमिनीलगत दोन्ही बाजूंना मिळून विजेचा एकच बोर्ड. माझ्या लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती. वायर काढली की तोही गप्प. त्या दुपारी माझी सराव परीक्षा शेवटाला आली होती आणि स्क्रीन एकाएकी काळी झाली. मी पडदा बाजूला सारला. पलीकडे एक मुलगा उकिडवा बसून आपला मोबाईल चार्जिंगला लावत होता.

"तुमचं काही होतं का याच्यात?" माझी वायर हातात धरून त्याने विचारलं.

"माह्यं आयुष्य होतं."

त्याने वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग इतकं ढिल्लं काऊन लावलं?"

मला राग यायला हवा होता. मी हसले, आणि शेजारच्या टेबलावर तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या सारिकाने मला गप्प राहायची खूण केली. किती तरी महिन्यांनी मी हसले होते, म्हणून तर इतकं मोठ्याने आलं.

मी अनुपमा. चिखलीच्या टोकाला आमचा मळा. बाबा मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि पहाटे बाजारात नेतात. मी कॉम्प्युटरची बीएस्सी झाले आणि तिथेच अडकले. अभ्यासिकेतल्या बाकीच्या पोरींचं बरं होतं. पोलीस भरतीवालीला निदान किती धावायचं ते ठाऊक असतं. आयटीत मैदान कुठे आहे हेच कोणी सांगत नाही. कॉलेजचे सर म्हणाले एमसीए कर. गावातल्या क्लासवाल्याने सहा महिन्यांत नोकरीची हमी देणारा बोर्ड लावला होता, आणि त्याचा स्वतःचा मुलगा मात्र घरीच बसला होता. मामा म्हणाला डेटा सायन्स. इंटरनेटवर एक टाय लावलेला माणूस रोज सांगायचा की आता सगळं मशीनच करणार, तुम्ही उशीर केला. ऐकावे जनाचे करावे मनाचे, हे खरं. पण मनालाच काही कळत नसेल तर? मी तीन कोर्स अर्धे केले होते. चौथा नुकताच सुरू केला होता.

हर्षल जवळच्या उंद्री गावचा. घरची शेती, आणि त्याच्या जोडीला बीसीए. तो एक आठवडा यायचा आणि एक आठवडा गायब व्हायचा. आधी वाटलं, मुद्दाम भाव खातो. मग कळलं, शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. दिवसाची असली की तो हरभऱ्याला पाणी द्यायचा; रात्रीची असली की रात्रभर पाणी धरून, लाल डोळ्यांनी, सकाळच्या बसने अभ्यासिकेत. हळूहळू मीही लाईटच्या पाळीकडे डोळे लावून बसायला लागले. आमच्या शेतात विहीर आहे, मोटार आहे, पण लाईटची वाट मी कधी इतक्या जिवाने पाहिली नव्हती.

डिसेंबरात तो उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायचा. कागदाची पुडी पडद्याखालून सरकत यायची, मीठ लावलेली, अजून कोमट. मी शेंगा खाऊन साली त्याच पुडीत परत सरकवायची.

"हे काय वं?" बाहेर चहाच्या टपरीवर त्याने विचारलं. "दाणे तू खाल्ले अन् टरफलं मले?"

"म्हशीले टाक."

"म्हैस विचारते, कोण हाय ते... इतकं साफ खाणारी."

"मग काय सांगतलं?"

"सांगतलं का अजून काई नाई. आपल्याच मनात हाय सगळं." आणि तो चहाच्या ग्लासात पाहत बसला. त्याचे कान लाल झाले होते. थंडीने, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तरी दिवसभर मला एक ओळ वाचता आली नाही.

त्याचा जीव नेटवर्किंगमध्ये होता. राउटर, केबल, कुठलं जाळं कुठे जोडलंय हे तो खडूने टपरीच्या फळकुटावर काढून दाखवायचा. ग्रामपंचायतीत फायबरची लाईन आली तेव्हा दोन दिवस त्या खड्ड्यापाशीच उभा होता म्हणे. तरी एके दिवशी त्याने क्लाउडचं पुस्तक टेबलावर ठेवलं. माझं होतं तेच.

"हे कायले? तुले तर नेटवर्किंग आवडते."

"तू कोणतं करून राह्यली?"

"क्लाउड. पुण्याच्या कंपनीनं तेच मागतलं म्हणून."

"मंग... पुण्याले जाणारी बस एकच पायजे का नाई दोघाईले?"

कोणी आपल्यासाठी गाव सोडेल असं ऐकलं होतं. कोणी आपल्यासाठी सर्टिफिकेट बदलेल असं नव्हतं ऐकलं. मी म्हटलं, "येडा हायेस." माझ्या आयुष्यात मी कोणाला इतक्या प्रेमाने काही म्हटलेलं नाही.

पुण्याच्या त्या कंपनीने ऑनलाइन मुलाखत घेतली होती. छोटी कंपनी, पण मला घ्यायला तयार होती. अट एकच: जानेवारी संपायच्या आत क्लाउडचं सर्टिफिकेट दाखवायचं. नाही तर पुढच्या वेळी बघू, आणि पुढची वेळ कधी हे त्यांनाही माहीत नव्हतं. मुलींसाठीच्या एका प्रशिक्षणातून मला परीक्षेचं फुकट कूपन मिळालं होतं, तेही जानेवारीपुरतंच. आणि घरी बाबांचा शब्द होता. बाबा वाईट नाहीत. दोन वर्षं त्यांनी भावकीची बोलणी ऐकली, मला एक शब्द बोलले नाहीत. पण संक्रांतीच्या आधी एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाले, "अनू, या महिन्यात नोकरीचा कागद दाखव, मी सगळ्याईले गप करतो. नाई तर मग पाहुण्याईले हो म्हणू दे मले. पोरगा पुण्याले कंपनीत हाय, आता किती दिवस थांबवू?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परीक्षेचं सेंटर गाठायचं तर छत्रपती संभाजीनगर, आणि तिथली तारीख फेब्रुवारीतली. उरला पर्याय घरून परीक्षा देण्याचा. घरून म्हणजे बंद खोली, एकटं माणूस, समोर कॅमेरा. पलीकडून एक परीक्षक सतत पाहत असतो. खोलीत दुसरं कोणी दिसलं, कोणाचा आवाज आला, तर परीक्षा तिथेच रद्द. आमच्या घरी दोन खोल्या, तिसरी वाफ्यांकडे उघडी, आणि दाराला कडी नावालाच. नेट तर मळ्यात मोबाईल उंच धरला तरच.

"आमच्या घरी ये," हर्षल म्हणाला. "सोयाबीन ठेवाची खोली हाय, पक्की. दार लागते. फायबर हाय. मी पोते काढून टाकतो, दारात बसतो. मुंगीले बी आत जाऊ देत नाई."

घरी मी सांगितलं, उंद्रीला एका मैत्रिणीकडे जाते.

संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. हवेत गारठा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आलेला. हर्षलची आई, अन्नपूर्णाबाई, अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी मला पायांपासून केसांपर्यंत एकदा पाहिलं आणि मुलाकडे असं काही पाहिलं की त्याने मान खाली घातली.

"हे का ती शेंगावाली?"

"माय, परीक्षा हाय तिची. तू मंग बोल."

"बोलत नाई बाप्पा. बस माय, पाणी घे."

खोली त्याने झाडून, पोती हलवून, मधोमध टेबल ठेवून तयार केली होती. धान्याचा कोरडा वास मात्र राहिला होता. मी लॅपटॉप लावला. पलीकडचा परीक्षक दिसत नव्हता, फक्त त्याचे इंग्रजी संदेश यायचे. चारही भिंती दाखवा. छत दाखवा. टेबलाखाली दाखवा. भिंतीवर लक्ष्मीचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. त्याचा संदेश आला: भिंतीवर लिखाण आहे, काढा. मी कॅलेंडर काढून दारातून हर्षलच्या हातात दिलं. दार लागलं; आतून कडी नव्हती, म्हणून हर्षल बाहेर दारात बसला. माझी परीक्षा सुरू झाली.

दारामागे काय झालं ते मला नंतर कळलं, ते आधीच सांगते.

अन्नपूर्णाबाईंनी मुलाच्या हातात कॅलेंडर पाहिलं. "लक्ष्मीले काऊन बाहेर आणलं?" त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं, परीक्षावाल्याने काढायला लावलं. त्यांना ते बरं वाटलं नाही. त्यांनी लक्ष्मीला देवघरात नेऊन ठेवलं. मग तासाभराने शेजारच्या शेतातून फोन आला. दिवसाची लाईट होती, मोटार सुरू होती आणि पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या सोंगून ठेवलेल्या तुरीत चाललं होतं. वर्षभराचं पीक भिजत होतं, जावं तर लागणारच होतं. हर्षल चप्पल घालता घालता म्हणाला, "माय, मी पयतच येतो. कोणाले आत जाऊ देऊ नोको."

आणि त्यांनी खरंच कोणाला जाऊ दिलं नाही. संक्रांतीचं वाण घेऊन बाई आली, तिला फाटकातूनच परतवलं. कोंबडीसुद्धा हाकलली. पण कोणी म्हणजे बाहेरचं कोणी. त्या स्वतः काही कोणी नव्हत्या, त्या घरच्या होत्या. आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: देवाला खोलीतून बाहेर काढलं, आता त्या लेकराजवळ आहे कोण?

माझे शेवटचे थोडे प्रश्न उरले होते. पेपर चांगला चालला होता. हे मी आजही शपथेवर सांगेन. मागे दार करकरलं. मला वाटलं वारा असेल. मग बांगड्यांचा आवाज झाला, आणि तुपाच्या निरांजनाचा वास आला.

मी वळू शकत नव्हते. नजर स्क्रीनवरून हलवायची नाही, हा नियम होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात मला माझाच चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेला दुसरा चेहरा आला. त्यांनी माझी हनुवटी धरली. बोट गार होतं. कपाळावर कुंकू लावलं, वर दोन तांदूळ चिकटवले, आणि अगदी हळू, परीक्षेला त्रास नको म्हणून कुजबुजत म्हणाल्या, "परीक्षा संपल्यावर आशीर्वाद काय कामाचा माय? तो आधी पायजे. यश येवो."

मग तिळाचा लाडू माझ्या तोंडात घातला, आणि कॅमेऱ्याकडे पाहून त्या परक्या साहेबालाही हात जोडले.

संदेश आला. खोलीत दुसरी व्यक्ती आढळल्यामुळे आपली परीक्षा रद्द करण्यात येत आहे. मग पांढरी स्क्रीन. माझ्या तोंडात लाडू होता, तो गिळता येईना आणि थुंकताही येईना.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली, मावशी."

"बरी गेली?"

"हाव. लय बरी गेली."

त्यांनी कानशिलांवर बोटं मोडली. त्या बाईच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला ओरडताच आलं नाही. कोणत्याही सासूने सुनेकडे याहून मायेने पाहिलं नसेल. मी ज्या घरात यावं असं रोज रात्री डोळे मिटून मागत होते, त्या घराने मला कुंकू लावलं होतं... आणि त्याच बोटाने मला संपवलं होतं.

हर्षल गुडघ्यापर्यंत चिखलात परतला. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्याने आईकडे पाहिलं. मी त्याचा हात धरला, पहिल्यांदा. "मले फाट्यावर सोड," मी म्हटलं. "अन् तिले काई बोलायचं नाई. कधीच नाई. शपथ घे."

फाट्यावर बस नव्हती. बाभळीखाली आम्ही उभे राहिलो. तो सारखा एकच गोष्ट बोलत होता, मी जायला नको होतं, तूर भिजू द्यायला पाहिजे होती. मी रडत होते. लपवलं नाही.

"अपील करू," तो म्हणाला. "पत्र लिहू त्याईले. समजावून सांगू का..."

"काय समजावू? कुंकू लावत होती म्हणून? त्याईले हे कसं समजन?"

तो पायांवरचा वाळलेला चिखल खरवडत राहिला. मग खाली पाहतच म्हणाला, "अनुपमा, मग... माह्याशी लग्न कर. मी येतो तुह्या बाबापाशी. माय तर आजच हो म्हणते. मले तू आवडतेस. वायर उपटली तेव्हापासून आवडतेस. सांगायले भेव वाटे."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी सगळा हिवाळा जगले होते. तो आठवड्याआड यायचा तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, आज म्हणेल. म्हणाला तर कधी? माझ्याजवळ दुसरं काहीच उरलेलं नसताना.

"मले बी तू आवडतोस," मी म्हटलं. "लय. पण आज नाई."

"आज नाई तर कधी?"

"आज मी हो म्हटलं तर नोकरी गेली म्हणून म्हटलं, असं होते. पास होऊन मले तुले हो म्हणायचं होतं, हर्षल. हरून नाई. अन् बाबा... शेतीवाल्या पोराले ते पोरगी देतीन का? तुले बी ठाऊक हाय. तुह्याजवळ बी अजून सर्टिफिकेट नाई."

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि माझी मलाच लाज वाटली. पण ते खरं होतं. आमच्या गावांत आता मुलगा कसा आहे हे कोणी विचारत नाही, कोणत्या कंपनीत आहे हे विचारतात. माझ्या अर्ध्या मैत्रिणींची लग्नं अशीच झाली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मान हलवली आणि येणाऱ्या बसला हात केला.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मी अपील केलं, उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखे आहेत. कंपनीने शुभेच्छा दिल्या. महिना संपला आणि पाहुणे आले. मुलगा चांगला आहे, बोलायला शांत आहे, पुण्यात क्लाउडचंच काम करतो. त्याने मला विचारलं, तुम्हाला यातलं काही कळतं का. मी म्हटलं, थोडं थोडं. माझ्या आईने पोह्यांवर सांभार जास्त टाकला होता, त्याने तो बाजूला काढून ठेवला. मी आयटीत गेले नाही, आयटीच मला पाहायला घरी आलं. चैत्रातली तारीख निघाली.

फाल्गुनात एका दुपारी हर्षलचा फोन आला. त्याला माझी तारीख कळली होती. अभ्यासिकेत सारिकाने सांगितली असणार. त्या तारखेबद्दल तो काहीच बोलला नाही.

"हरभरा निंघाला," तो म्हणाला. "आता मोकळा हाय. म्हटलं, तुले विचारावं... मी आता कोणतं करू?"

"कोणतं म्हणजे?"

"कोर्स. क्लाउड तर मी तुह्यासाठी घेतलं होतं."

मी वाफ्याच्या कडेला उभी होते. हातातला विळा खाली ठेवला आणि तिथेच बसले. मला काय म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही. म्हटलं ते एवढंच: "नेटवर्किंग कर. तुले तेच येते. आधी पहिल्या पायरीची परीक्षा दे, मोठ्या परीक्षेच्या मागं पळू नोको. क्लासवाल्याच्या बोर्डावर भुलू नोको. अन् परीक्षा सेंटरवर जाऊन दे. एक दिवस आधी जा, लॉजवर राहा, पण... घरून देऊ नोको."

"हाव," तो म्हणाला.

मी त्याला कधी पत्र लिहिलं नाही, कधी फूल दिलं नाही. माझ्या प्रेमात त्याला देण्यासारखं एवढंच शिल्लक होतं.

"माय रोज विचारते," तो हळूच म्हणाला. "पोरीचा निकाल काय लागला म्हणते. तिनं गल्लीभर सांगतलं, माह्या कुंकवानं पास झाली. मी काय सांगू तिले?"

"पास झाली सांग."

"अन् कुठं हाय विचारलं तर?"

"पुण्याले चालली सांग." यात खोटं काहीच नव्हतं.

मागून आवाज आला, कोणाचा फोन आहे, तीच का, दे मला. पास झाली, पुण्याला चालली, एवढं त्याने सांगितलं, नको नकोही म्हटलं असावं, पण फोन ओढला गेला. अन्नपूर्णाबाई फोनवर ओरडून बोलत होत्या, जशा आमच्याकडच्या सगळ्या बाया बोलतात, जणू मी पुण्यालाच पोचले होते.

"झाली ना माय पास? मी म्हटलंच होतं. खात जाय चांगलं तिकडं. अन् आयक... आता तू मोठ्या कंपनीत चालली, तर माह्या पोराले बी घे तिकडं ओढून. तो काई बोलत नाई, पण त्याचं ध्यान तुह्यापाशी हाय. घेशीन ना?"

बाबा दुसऱ्या टोकाला पाटाचं पाणी वळवत होते. ते माझ्याकडे पाहून हसले.

"हाव, मावशी," मी म्हटलं. "घेते."